फिलूबायच्या भातातला फोटो

माझं माहेर सांगायचं तर दोन सांगावी लागतील. जन्म मालवणकडचा, आत एका वाडीतला, ते मला धड आठवत पण नाय, आणि वाढले ती घाटकोपरला, डोंगरावरच्या चाळीत. बाबा परळला गिरणीत होते, गिरणी बंद पडली तसे एका सोसायटीत वॉचमन लागले, आई मसाले कुटून विकायची. तर अशी मी चाळीतली पोरगी, नळाच्या पाण्याची, आणि मला स्थळ आलं गोराईचं. बोरीवलीला उतरायचं, खाडीवर जायचं, बोटीत बसायचं आणि पलीकडे. भंडाऱ्यांचं घर, मागे शेत. बाबा नको बोलत होते, बोलले आपण गावची शेती सोडून आलो ती काय पोरीला परत चिखलात घालायला. पण आई मालवणीत बोलायची ना, ती बोलली, चेडवा, जमीन आसा थंय जा, म्हणजे पोरी, जमीन आहे तिथे जा, जमीन उपाशी ठेवीत नाय. चाळीतल्या बायका हसल्या होत्या. लोक शेती सोडून मुंबईत येतात आणि हिची पोरगी मुंबईतून शेतीत चालली, आणि ती शेती पण मुंबईतच.

तर काय सांगू तुम्हाला ताई, मला भाताचं रोप आणि गवत यातला फरक कळत नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या पावसात सासूने मला लावणीला उतरवलं आणि मी रोपं अशी खोचली, अशी खोचली, की संध्याकाळपर्यंत अर्धी पाण्यावर तरंगायला लागली. सासू काय बोलली ते मी सांगत नाय. पण बाजूच्या शेतातून एक बाई आली, लुगडं वर खोचलेलं, गळ्यात क्रॉस, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल, ती माझ्या मागे वाकली आणि माझा अंगठा धरून चिखलात दाबला. बोलली, असं गो, अंगठ्याने. बोटांनी नाय, अंगठ्याने. ती फिलूबाय. फिलोमिना तिचं नाव, पण सगळे फिलूबायच म्हणतात. तिचं शेत आणि आमचं शेत एकाला एक लागून, मध्ये फक्त हातभर बांध.

तेव्हापासून आमचं असं होतं की आमची लावणी असली की ती यायची, तिची असली की मी जायचे. पैशाचा विषयच नाय. पावसात भात, थंडीत मुळा, लाल माठ, वांगी, बावखलाचं पाणी घालायचं, बावखल म्हणजे आमच्याकडे शेताच्या कडेला तळं असतं ना, ते. सकाळी भाजीची टोपली घेऊन दोघी एकाच बोटीने पलीकडे जायचो, बोरीवलीला स्टेशनच्या बाहेर बसायचो. तिचा नवरा जहाजावर होता, तो लवकर गेला. मूल नाय. एकटीच असते. माझ्या संदेशला तिने अंगाखांद्यावर खेळवलाय. संदेश म्हणजे माझा मुलगा. एकच आहे. नाताळात ती त्याच्यासाठी नेवऱ्या वेगळ्या काढून ठेवायची, त्याला खोबरं जास्त लागतं म्हणून.

आता मला तुम्हाला यांचं सांगायचंय, म्हणजे माझ्या मिस्टरांचं, त्याशिवाय पुढचं कळणार नाय. हे स्वभावाने गरीब. शेत सोडून दुसरं काय केलं नाय. एका वर्षी काय झालं, भात तयार झालं, कापायचं म्हणून विळे पण धारेला लावले, आणि परतीचा पाऊस जो बसला तो उठेचना. सगळं भात आडवं. आडव्या भाताला पाण्यात परत कोंब फुटले. बातम्यांत दाखवत होते की सरकार शेतकऱ्यांना नुकसानीचे पैसे देणार. मी बोलले, आपण पण विचारू ना. हे नको नको म्हणत होते, मीच मागे लागले. मग यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत ती कोंब फुटलेली लोंबं भरून घेतली, साहेबांना दाखवायला. आम्ही दोघं पलीकडे हापिसात गेलो.

तिथे टेबलावर जो बसला होता तो माणूस वाईट नव्हता हो, मी त्याला वाईट म्हणत नाय. त्याने यांना विचारलं, काका कुठून आलात, हे बोलले गोराई, शेतकरी आहे, भात गेलं. तर तो मागे वळून दुसऱ्याला बोलला, अरे ऐक, आपल्याकडे शेतकरी आलाय. मग यांना बोलला, काका, इथे बिल्डिंगी पिकतात, भात कसलं. पलीकडे रांगेत लोक होते ते पण हसले. आणि ताई, मला काय लागलं सांगू, हे पण हसले. त्यांच्याबरोबर हे पण हसले, हो हो साहेब, खरंय, असं बोलून. ती पिशवी यांनी वर काढलीच नाय. मागे धरून उभे राहिले, जशी काय चोरीची आहे. हापिसवाले बोलले उद्या या, परवा या, वरून आदेश यायचाय. आम्ही गेलो नाय परत. येताना जेट्टीवर बाकड्यावर पिशवी ठेवली ती यांनी तिथेच सोडली. मी बोलले अहो पिशवी, तर बोलले राहू दे, काय करायचीय.

त्यानंतर कोणी यांना विचारलं ना, काय करता, तर हे शेतकरी म्हणायचे नाय. म्हणायचे, घरीच असतो.

हे गेले त्याला आता काही वर्षं झाली. पोटाचं दुखणं, लांबलं आणि गेले. जमीन माझ्या नावावर झाली. संदेश बोरीवलीला एका शोरूममध्ये होता, गाड्यांच्या, ते त्याचं बरं चाललं नव्हतं. आमच्याकडे आता सगळीकडे रिसॉर्ट झालेत, बंगले झालेत, मुंबईचे लोक हळदीला येतात, लग्नाला येतात. संदेश बोलला, आई, आपण लॉन करू. मी काय बोलणार. माझे गुडघे गेलेले, सून रूपाली नर्सरीत शिकवते, शेत करणार कोण. तर शेतात मुरूम पडला, वर प्लास्टिकचं हिरवं गवत पडलं, लाइटी लागल्या. यांचा नांगर होता तो पण संदेशने रंगवून दारात ठेवला, नवरा-नवरी त्याच्यावर बसून फोटो काढतात. ते मला बघवत नाय, पण घर त्याच्यावर चालतं, खोटं कशाला बोलू. मी जेवते ते त्यातलंच.

बांधाच्या पलीकडे फिलूबाय तशीच. एकटी करते. लावणीला बाया मिळत नाय तिला, सगळ्या बाया लॉनवर भांडी घासायला, साफसफाईला जातात, तिथे सावली असते. आमच्या लॉनवर पण येतात. आमचा डीजे वाजतो आणि पलीकडे ती मुळा उपटत असते. कधी बोलली नाय की आवाज कमी करा म्हणून.

मग मागच्याच्या मागच्या वर्षी परत तसंच झालं. परतीचा पाऊस, कापणीच्या टायमाला. फिलूबायचं सगळं भात झोपलं. आणि या वेळेला सरकारचा माणूस खरंच येणार होता, तलाठी, पंचनामा करायला, कारण वरून आदेश होता की कुठलंही गाव सोडायचं नाय. संदेशचे एक साहेब आहेत, पुढारी, त्यांच्यामुळे त्याला लॉनच्या परवानग्या मिळाल्या, त्यांनीच त्याला सांगितलं की तुमच्या सातबाऱ्यावर अजून भातशेतीच लिहिलीय, आईचं नाव आहे, पंचनामा करून घे. मला यातलं काही माहीत नव्हतं. संदेश सकाळी बोलला, आई, साडी बदल, ती जुनी नेस, विळा कुठेय. मी बोलले विळा कशाला रे. बोलला, चल तर, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि मला लॉनच्या मागून नेलं, बांध ओलांडला आणि फिलूबायच्या शेतात उभं केलं. गुडघ्याएवढ्या चिखलात, आडव्या भातात, हातात विळा. तलाठी तरुण होता, बिचारा दमलेला, त्याला अजून कुठे कुठे जायचं होतं. त्याने विचारलं हेच ना, संदेश बोलला हेच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी बोलले संदेश, अरे हे तर, आणि तो हळूच बोलला, आई, गप ना यार. बाबांना दिले नव्हते ना, तेच समज. बाबांचेच आहेत.

ताई, त्याने यांचं नाव काढलं आणि मी गप बसले.

आणि एवढ्यात फिलूबाय आली. भाजी विकून येत होती, रिकामी टोपली डोक्यावर. तिने लांबूनच बघितलं, तलाठी, मोबाईल, मी तिच्या भातात उभी. तिला वाटलं तिच्याच शेताचा पंचनामा चाललाय. तिला वाटलं मी तिच्यासाठी त्यांना आणलंय. कारण तिच्या जमिनीचं असं आहे की सातबाऱ्यावर आजोबांच्या वेळची नावं, सगळे चुलत परदेशात, कोणाच्या सह्या मिळत नाय, म्हणून तिला आजपर्यंत कधी कुठली मदत मिळालीच नाय. ती इतकी खूश झाली. टोपली बांधावर ठेवली, पदराने तोंड पुसलं, केसांवरून असा पाण्याचा हात फिरवला, आणि चिखलातून आली आणि माझ्या बाजूला उभी राहिली, ताठ. फोटोसाठी.

तलाठी बोलला, मावशी, तुम्ही जरा बाजूला व्हा, फोटोत एकच पाहिजे, ज्यांचं शेत आहे ते.

तिने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होते. मी एक शब्द बोलले असते ना, एवढंच की अहो साहेब, शेत हिचं आहे, तर काय झालं असतं? संदेश रागावला असता. दुसरं काय झालं असतं? पण माझं तोंड उघडलं नाय. ती बाजूला झाली. स्वतःच्या शेतातून बाजूला झाली आणि बांधावर जाऊन उभी राहिली. फोटो झाला. तिने टोपली उचलली आणि गेली.

पैसे आले पुढे माझ्या खात्यात. रक्कम काय मोठी नव्हती हो, आमच्या लॉनला एका लग्नात फुलांना त्याच्यापेक्षा जास्त जातात. तेवढ्यासाठी. आणि एवढ्यावर संपलं असतं तर मी म्हटलं असतं, आमच्या दोघींतलं आहे, मी मिटवीन. पण त्या पुढाऱ्यांनी जेट्टीवर बॅनर लावला. शेतकरी भगिनींना मदत मिळवून दिल्याबद्दल आभार, असं काहीतरी. वर त्यांचा फोटो, नमस्कार करताना, आणि खाली माझा. विळा घेऊन, फिलूबायच्या भातात. माणसापेक्षा मोठा.

आमच्या इथे बोटीला जायचं तर जेट्टीवरूनच जायचं, दुसरी वाट नाय. फिलूबाय रोज सकाळी टोपली घेऊन त्या बॅनरखालून जायची. मी जेट्टीला जायचंच बंद केलं. रूपालीला सांगायचे बाजार तूच आण. मासे विकणाऱ्या पोरी चिडवायच्या, काय शेतकरीण काकू, आता आम्हाला ओळख देणार ना. त्या मस्करी करायच्या, त्यांना माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते काही बोलत नव्हते, ते जास्त वाईट. मी संदेशला बोलले बॅनर काढ. तो बोलला, वेडी आहेस का, साहेबांचा बॅनर मी काढू, लॉनची वाट लागेल. मी बोलले मग पैसे परत कर. बोलला, सरकारला पैसे परत करतात का कोणी, कोणाचं काय चोरलंय आपण, फिलूमावशीला तसे पण मिळणार नव्हते. रूपाली मध्ये बोलली, आई बरोबर बोलतायत, तर तिच्यावर पण ओरडला. आणि हे बघा, तो वाईट पोरगा नाय. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तो पंधरा दिवस हॉस्पिटलच्या बाकड्यावर झोपलाय. पण त्याला हे कळतच नाय. आणि त्याला कळत नाय ही पण माझीच लाज, मीच वाढवलाय ना.

मी एकटी त्या तलाठ्याकडे पण गेले होते. हापिस बदललंय आता, एसी आहे. यांच्या वेळी हसले होते तसं कोणी हसलं नाय, उलट खुर्ची दिली, बोलले या मावशी. मी सगळं सांगितलं. तो पोरगा पांढरा पडला. दार लोटलं आणि बोलला, मावशी, तुम्ही हे लिहून दिलंत तर तुमच्या मुलावर केस होईल, माझी नोकरी जाईल, माझ्या घरी लहान बाळ आहे. हात जोडले त्याने. मग मी काय करू? उठले आणि आले. म्हणजे तिथे पण मी गपच बसले बघा.

शेवटी मी पैसे काढले बँकेतून आणि फिलूबायच्या घरी गेले. दुपारची वेळ होती, ती ओट्यावर बोंबील सुकत घालत होती. मी पुढे बसले. मग मी पिशवी पुढे केली, बोलले, फिलूबाय, हे तुझे आहेत. तिने बघितलं पण नाय. बोलली, ठेव तुझ्याकडे. घेतले तर मी पण त्यात आले. मी रडायला लागले, बोलले मला शिव्या दे, चार माणसांत दे, पण असं नको. ती बोलली, शिव्या कसल्या देऊ गो. मला तुझा राग येत नाय. मला माझीच शरम वाटते. मी बोलले तुला कशाची? तर बोंबलावरची माशी हाकलत बोलली, मी केस नीट करून आले ना. म्हातारी बाई, फोटोत यायची काय हौस. केस नीट करून येऊन उभी राहिले आणि त्यांनी बाजूला केलं. झोपताना तेच येतं डोळ्यांपुढे.

मला वाटलं होतं लाज माझी आहे, मी ती भरून टाकीन, नाक घासेन, संपेल. पण ती तिला लागली होती. जिने काय केलंच नाय तिला. ती मी कशी काढू तिच्या अंगावरची, सांगा तुम्ही?

ते पैसे अजून कपाटात आहेत. खर्च करवत नाय. संदेश विचारत नाय, मी सांगत नाय. बॅनर पुढे उन्हाने फाटला, दुसऱ्या कोणाच्या वाढदिवसाचा त्याच्यावर लागला.

मग या वर्षी लावणी आली. मी गच्चीवरून बघत होते, ती एकटी वाकलीय, एका बाजूला रोपांच्या मुठी पडल्यात, बाया आल्याच नाय. मी साडी खोचली आणि खाली उतरले. संदेश बोलला आई कुठे, गुडघा. बांध ओलांडला, तिने मला बघितलं, थोडी सरकली. मी तिच्या बाजूची ओळ धरली. संध्याकाळपर्यंत लावलं आम्ही. बोललो पण थोडं, तिच्या कमरेचं, माझ्या गुडघ्याचं, कोण वारलं, कोणाच्या घरी काय. मला वाटलं, झालं, मोकळं झालं. मनातून इतकं हलकं वाटलं मला ताई, की मी हात धुताना गुणगुणत होते.

आणि निघताना तिने कमरेचा बटवा सोडला. नोटा मोजल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. मजुरी. बाया आल्या असत्या तर त्यांना दिली असती तेवढीच, ना कमी ना जास्त. मी बोलले, फिलूबाय, हे काय, आपल्यात कधी होतं का हे? तिचा आवाज चढला नाय. बोलली, तेव्हा आपण एकमेकींकडे जात होतो. आता तुझं शेत नाय, मी कुठे येऊ फेडायला? घे.

मी घेतली. नाय म्हणायचा मला काय हक्क. चिखलाच्या हातानेच घेतली आणि आले घरी.

आता कापणीला पण जाते. परवा जायचंय, भात छान आलंय तिचं या वर्षी, पाऊस वेळेवर थांबला, देवाच्या कृपेने. मला भीती वाटते ती संध्याकाळची, ती बटवा सोडते तेव्हाची. दिवसभर वाकायला मला काही वाटत नाय, ऊन लागतं, गुडघा दुखतो, ते चालतं. पण ती नोटा मोजते तेव्हा मला जमिनीत जावंसं वाटतं. तरी जाते. ती नको म्हणेपर्यंत जाईन. ती म्हणत नाय, एवढं तरी आहे. तुम्ही आमच्या फिलूबायसाठी तुमच्या देवाकडे मागा ताई, तिच्या अंगात ताकद राहू दे, तिची कणगी भरू दे. माझ्यासाठी मागू नका. मला आहे ते असू दे.